ज्ञान हेच नाणे : अवकाशयानाच्या एका खेळाविषयी



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला की तो महागाईभत्ता, कंत्राटी पद्धत किंवा संप यांविषयी बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आणि ती चुकीची म्हणता येणार नाही, कारण तीस वर्षे मी तेच बोलत आलो आहे. आज मात्र मी संगणकावरील एका खेळाविषयी बोलणार आहे. खेळ म्हटल्यावर काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठी पडेल. मीही त्यांच्यातलाच होतो. ती आठी कशी गेली आणि तिच्या जागी कोणते प्रश्न आले, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

आमच्या युनियनच्या कचेरीत एक जुना संगणक आहे. दिवसा त्यावर सभासदांचे अर्ज टाईप होतात. संध्याकाळी आमच्या एका सहकाऱ्याचा मुलगा अभ्यासाच्या निमित्ताने त्यावर येऊन बसतो. एकदा पाहतो तो पडद्यावर एक बुटके यान उभे, त्यात हिरव्या तोंडाचा एक चिमुकला प्राणी बसलेला, आणि यान काही केल्या वर जाईना. मी म्हटले, “अरे, मोठे इंजिन विकत घे की!” तो म्हणाला, “काका, इथं पैसे नाहीतच. आधी माहिती आणायची, मग इंजिन मिळतं.” या उत्तराने मी तेथेच खुर्ची ओढून बसलो. ज्या जगात पैसा नाही आणि माहिती हेच नाणे आहे, ते जग चालते तरी कसे, हे पाहावे असे मला वाटले.

या खेळाचे नाव ‘केर्बल स्पेस प्रोग्राम’. मेक्सिको शहरातील स्क्वाड नावाच्या कंपनीत तो तयार झाला. २०११ साली त्याची पहिली आवृत्ती लोकांच्या हाती आली आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये तो पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. केर्बिन नावाचा एक काल्पनिक ग्रह, त्यावर राहणारे केर्बल नावाचे हिरवे जीव, आणि त्यांना अवकाशात जाण्याची लागलेली ओढ, एवढेच त्याचे कथानक. शत्रू नाही, बंदूक नाही. झगडा आहे तो गुरुत्वाकर्षणाशी.

हा खेळ तीन प्रकारांनी खेळता येतो. पहिल्या प्रकारात सर्व सुटे भाग आरंभापासूनच मिळतात. हवे ते जोडा आणि उडवा. दुसऱ्यात पैसा आहे, कंत्राटे आहेत, लौकिक आहे. म्हणजे एखादी कंपनी चालविण्यासारखाच तो प्रकार आहे. या दोहोंच्या मधला तिसरा प्रकार संशोधनाचा, आणि माझा विषय तोच. २०१३ च्या ऑक्टोबरात खेळात संशोधन प्रथम आले. पुढे २०१४ साली कंत्राटे आणि पैसा यांची भर पडली, तेव्हा ज्यांना पैशावाचून केवळ संशोधन हवे होते त्यांच्यासाठी हा प्रकार वेगळा ठेवण्यात आला.

याची रचना अशी. आरंभी खेळणाऱ्याजवळ फारच थोडे साहित्य असते : माणूस बसेल एवढी कुपी, घन इंधनाची एक लहानशी मोटर, एक पॅराशूट आणि असेच किरकोळ काही. बाकी सारे एका वृक्षावर टांगलेले असते. त्या वृक्षाच्या प्रत्येक गाठीला किंमत आहे, आणि ती संशोधनाच्या गुणांत द्यावयाची. पहिल्या गाठी ५ गुणांच्या. मग १५ ते २०, ४५, ९०, १६०, ३००, ५५० अशा चढत चढत शेवटच्या गाठी १००० गुणांच्या होतात. गाठ सुटली की तिच्यातील भाग वापरण्यास मोकळे.

आता हे गुण मिळतात कसे? पाहून, मोजून आणि लिहून. यानात बसलेल्याने आपल्या निरीक्षणाची नोंद केली की गुण. बाहेर पडून नोंद केली की गुण. तापमापक, वायुभारमापक, भूकंपमापक ही उपकरणे चालविली की गुण. मूठभर माती उचलली की गुण. पण एक अट आहे. प्रत्येक नोंद कोणत्या ठिकाणची आणि कोणत्या अवस्थेतील, हे पाहिले जाते. जमिनीवर, पाण्यात, कमी उंचीच्या हवेत, जास्त उंचीच्या हवेत, जवळच्या अवकाशात आणि दूरच्या अवकाशात, अशा सहा अवस्था मानल्या आहेत. त्याशिवाय गवताळ भाग, डोंगर, वाळवंट, हिमप्रदेश असे निरनिराळे प्रदेश आहेत. तीच नोंद त्याच जागेवरून पुन्हा आणली तर मोल घटते, आणि शेवटी काहीच मिळत नाही.

एक उदाहरण देतो, म्हणजे हिशेब ध्यानात येईल. यान उड्डाणतळावर नुसते उभे आहे; मोटर पेटविलेली नाही. तेथेच बसून चालकाने नोंद केली तर १.५ गुण. खाली उतरून नोंद केली तर २.४. पायाखालची माती उचलली तर ९. म्हणजे काडी न पेटवता १२.९ गुण पदरात पडले, आणि ५ गुणांच्या दोन गाठी सुटल्या! त्या मुलाला ही गोष्ट ठाऊक नव्हती; तो तीन दिवस आकाशाकडेच पाहत होता. अंगणातली माती त्याने पाहिलीच नव्हती. हीच माती केर्बिनच्या चंद्रावरून, ज्याला खेळात ‘मून’ म्हणतात, पहिल्यांदा घरी आणली तर १२० गुण मिळतात. अंगणातून आरंभ करावा आणि चंद्रापर्यंत जावे, असा हा क्रम आहे. शाळा लवकर सुटलेल्या आणि पुढे वाचनालयातील पुस्तकांवर वाढलेल्या माझ्यासारख्याला हा क्रम ओळखीचा वाटला. हातात जे पुस्तक असेल तेच आधी नीट वाचावयाचे. त्याच्या आधाराने दुसरे समजते, दुसऱ्याच्या आधाराने तिसरे.

पण केवळ गुण जमवून यान उडत नाही. तेथे गणिताशी गाठ आहे. रॉकेटचे मूळ समीकरण कोन्स्तान्तिन त्सिओल्कोव्हस्की या रशियन शिक्षकाने १९०३ साली प्रसिद्ध केले. लहानपणी लाल ज्वराने या माणसाची श्रवणशक्ती जवळजवळ गेली, शाळा सुटली, आणि मॉस्कोच्या वाचनालयात बसून त्याने स्वतःच स्वतःला गणित व पदार्थविज्ञान शिकविले. पुढे कालुगा या गावी तो शाळामास्तर होता. त्याचे समीकरण सांगते की, यानाला किती वेग द्यावयाचा आणि इंजिनातून वायू किती वेगाने बाहेर पडतो, या दोन गोष्टींवरून इंधनाचे प्रमाण ठरते. आणि वेगाची गरज दुप्पट झाली तर इंधनाचा बोजा दुपटीने नव्हे, त्याहून कितीतरी अधिक वाढतो.

हे आकड्यांत पाहू. केर्बिनची त्रिज्या ६०० किलोमीटर आहे. आपल्या पृथ्वीची ६३७१. खेळ सुसह्य व्हावा म्हणून हा ग्रह मुद्दाम लहान केला आहे, पण पृष्ठभागावरील ओढ पृथ्वीइतकीच ठेवली आहे. केर्बिनभोवती कक्षेत जाण्यास, हवेचा विरोध वगैरे धरून, सेकंदाला सुमारे ३४०० मीटर वेगाची शिदोरी लागते. पृथ्वीवरून सुमारे ९४००. इंजिनातील वायू सेकंदाला ३००० मीटर वेगाने बाहेर पडतो असे धरले, तर केर्बिनवर १ टन वजन कक्षेत नेण्यासाठी तळावर सुमारे ३ टन उभे करावे लागतील. पृथ्वीवर सुमारे २३ टन! शिदोरी तिपटीच्या आतच वाढली, पण बोजा सातपटीहून अधिक झाला. रिकाम्या टाक्या वाटेत टाकून देत देत रॉकेट वर का जाते, याचे उत्तर या आकड्यांत आहे. त्या मुलाने हे समीकरण पुस्तकातून पाठ केले नव्हते. बारा वेळा यान समुद्रात पडल्यावर ते त्याला पटले, आणि मग त्याने मला ते समजावून दिले.

या संशोधन-प्रकाराचे मला तीन गुण दिसले. पहिला असा की, येथे अपयशाची लाज नाही. यान फुटले तरी का फुटले हे कळले, तर पुढचे उड्डाण शहाणे होते. दुसरा असा की, नव्या ठिकाणी गेल्यावाचून लाभ नाही. एकच धडा घोकून वरच्या वर्गात जाता येत नाही. तिसरा असा की, वशिला नाही आणि वारसाही नाही. ज्याने पाहिले आणि मोजले, त्याचीच गाठ सुटते.

येथपर्यंत सारे ठीक. परंतु युनियनवाल्याला दुसऱ्याचा हिशेब तपासण्याची खोड असते. या खेळाचा हिशेबही मी तपासला, आणि त्यात काही रकमा चुकीच्या, तर काही मुळीच मांडलेल्या नाहीत, असे मला आढळले.

पहिली गोष्ट. तापमानाची नोंद रेडिओने घरी पाठविली तर खेळात निम्मेच गुण मिळतात. पूर्ण गुण हवे असतील तर ती नोंद परत आणावी लागते. खरे पाहता आकडा रेडिओने आला काय आणि खिशातून आला काय, आकडा तोच. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आपले चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवप्रदेशाजवळ उतरले. त्यावरील उपकरणाने जमिनीत शिरून मोजले, तेव्हा पृष्ठभागाशी सुमारे ५० अंश सेल्सियस आणि अवघ्या ८ सेंटिमीटर खाली उणे १० अंश, असा विलक्षण फरक आढळला. ते यान कधीही परत येणार नाही. पण म्हणून त्या आकड्यांचे मोल निम्मे झाले असे कोणी म्हणणार नाही. मातीची गोष्ट मात्र निराळी. रेडिओने माती येत नाही, आणि खेळातही माती रेडिओने ‘पाठविली’ तर चौथा हिस्साच पदरात पडतो. तेथे खेळ सत्याच्या जवळ आहे.

दुसरी गोष्ट. तीच माती पुन्हा तपासली तर मोल शून्यावर येते, असे खेळ सांगतो. अपोलो मोहिमांनी १९६९ ते १९७२ या काळात चंद्रावरून सुमारे ३८२ किलो दगडमाती आणली. त्यातील, १९७२ साली आणलेली, हवाबंद केलेली एक नळी मुद्दाम राखून ठेवली होती. ती उघडली २०२२ साली, पन्नास वर्षांनी, कारण तोवर अधिक सूक्ष्म उपकरणे हाती आली होती. माती तीच, पण प्रश्न नवे. ज्ञान हे एकदा पिळून टाकण्याचे लिंबू नव्हे. ज्याने एकच पुस्तक विसाव्या आणि पन्नासाव्या वर्षी वाचले आहे, त्याला हे निराळे सांगावयास नको.

तिसरी गोष्ट क्रमाची. खेळात आधी माणूस उडतो आणि माणसावाचून चालणारे यान पुढे मिळते. इतिहास याच्या उलट आहे : स्पुटनिक ४ ऑक्टोबर १९५७ ला गेला, आणि युरी गागारिन १२ एप्रिल १९६१ ला. आणखी एक गंमत अशी की, यानावरून उतरण्याची साधी शिडी खेळात आरंभी मिळत नाही. तिच्यासाठीही गुण साठवावे लागतात. घराघरांत शिडी असते, पण या केर्बल लोकांना ती प्रयोगशाळेतून मिळवावी लागते! याचे कारण उघड आहे. सर्व ज्ञान एकाच नाण्यात मोजले, की मातीची परीक्षा आणि शिडी यांचीही अदलाबदल करता येते. प्रत्यक्षात मातीच्या परीक्षेतून शिडी निघत नाही. शिडी सुतार करतो.

आणि येथे मी चौथ्या, माझ्या दृष्टीने सर्वांत मोठ्या, उणिवेकडे येतो. गाठ सुटली की इंजिन तयार. ते कोणी ओतले, कोणी कातले, कोणी जोडले, कोणी तपासले? पडद्यावर याचा पत्ता नाही. अपोलो कार्यक्रमात सुमारे ४ लाख माणसे राबली, असे अमेरिकेची अवकाश संस्थाच सांगते. त्यांत शास्त्रज्ञ होते तसे वेल्डर होते, अवकाशपोशाख शिवणाऱ्या स्त्रिया होत्या, तारा विणणाऱ्या स्त्रियाही होत्या. पैसा काढून टाकला की जग न्याय्य होते, असे मी तरुणपणी समजत असे. हा खेळ पाहून मला कळले की पैसा काढून टाकूनही श्रम अदृश्य ठेवता येतात. आणि खेळाबाहेर पैसा असतोच. या खेळाचा दुसरा भाग २०२३ साली अपुऱ्या स्थितीत विक्रीस आला, त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यात संशोधनाची भर पडली, आणि २०२४ साली तो तयार करणाऱ्या तंत्रज्ञांना कामावरून कमी करण्यात आले. खेळ अपुराच राहिला.

श्रमांप्रमाणेच जीवही हिशेबात नाही. पैशाच्या प्रकारात एखादा केर्बल मेला तर निदान लौकिक घटतो. संशोधनाच्या प्रकारात लौकिक हे खातेच नाही. यान आपटले तर त्यातील नोंदी बुडाल्या, एवढेच नुकसान. आणि सोप्या पातळीवर तर तो केर्बल काही काळाने पुन्हा कामावर हजर होतो! मुले हसतात, आणि खेळात हसावे हेही बरोबरच. पण याच ठिकाणी मला एक खरे उड्डाण आठवले.

कोलंबिया हे यान १६ जानेवारी २००३ रोजी निघाले. ते उड्डाण केवळ संशोधनासाठी होते. सात अंतराळवीरांनी दोन पाळ्यांत, रात्रंदिवस, सुमारे ८० प्रयोग केले. त्यांत कर्नालला जन्मलेल्या कल्पना चावला होत्या. उड्डाणानंतर ८२ व्या सेकंदाला इंधनटाकीवरील फेसाच्या आवरणाचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. खालच्या काही इंजिनिअरांना शंका आली. पंखाची छायाचित्रे घ्यावीत अशी त्यांनी मागणी केली. ती मान्य झाली नाही. १ फेब्रुवारीला परतताना यान टेक्सासच्या आकाशात तुटले, आणि सातही जण गेले.

आता संशोधनाचा हिशेब पाहा. बरीच माहिती यान वर असतानाच रेडिओने खाली आली होती. अवशेषांत एक करपलेली संगणक-तबकडी सापडली. तिच्यावरील नोंदी तज्ज्ञांनी वाचून काढल्या, आणि झेनॉन वायूवरील त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. खेळाच्या वहीत हे उड्डाण बऱ्यापैकी गुणांचे ठरले असते. माणसाच्या वहीत ते कधीच ठरणार नाही. ज्यांना धोका दिसला त्यांचा आवाज वरपर्यंत गेला असता, तर निदान तपासणी तरी झाली असती. उपकरणाने दिलेली नोंद आणि कामावरील माणसाने दिलेली सूचना, या दोन्ही माहितीच आहेत. एकीला गुण द्यावयाचे आणि दुसरीला दटावणी, हा न्याय नव्हे आणि शास्त्रही नव्हे.

हे मी पुस्तकावरून बोलत नाही. तरुणपणी ज्या कारखान्यात मी हेल्पर होतो, तेथे भट्टीचे तापमान दर तासाला वहीत लिहावे लागे. पाळी संपत आली की राहिलेल्या तासांचे आकडे मागच्या ओळी पाहून आम्ही भरीत असू. साहेबालाही एकसारखे आकडे आवडत. आमच्यातील एक वयस्कर कामगार मात्र दर वेळी उठून जाई आणि दिसेल तेच लिही. एका आठवड्यात त्याचे आकडे चढू लागले. “तुमच्याच पाळीत भट्टी कशी तापते?” असे म्हणून त्याला सर्वांदेखत बोलणी बसली. त्यानंतर आठ दिवसांनी भट्टीचे अस्तर फुटले आणि आमचे दोन सोबती भाजले. ती वही पुढे चौकशीत निघाली. तिच्यात खरी पाने एकाच माणसाची होती. खोट्या पानांत माझीही होती, हे मी आज येथे कबूल करतो. संघटनेच्या कामात मी त्यानंतर पडलो.

म्हणून त्या मुलाला मी खेळू नको असे म्हटले नाही. त्याला एक शंभर पानी वही आणून दिली, आणि सांगितले : प्रत्येक उड्डाणाला तीन रकाने पाड. पहिल्यात काय कळले ते लिही. दुसऱ्यात उडण्यापूर्वी कोणता धोका दिसत होता ते लिही. तिसऱ्यात कोण गेले आणि कोण परत आले, ते नावानिशी लिही. पहिला रकाना संगणक आपणहून ठेवतो; उरलेले दोन आपण ठेवावयाचे. आरंभी तो कंटाळला. पुढे त्याच्या ध्यानात आले की, दुसरा रकाना भरावयास बसले की निम्मी याने उडविण्यापूर्वीच दुरुस्त होतात. पॅराशूट राहिले आहे, टाकी उलटी लागली आहे, परतीचे इंधन पुरत नाही, हे लिहिता लिहिताच दिसते.

माझी आपणांस विनंती एवढीच आहे की, कामगार वस्त्यांतील वाचनालये आणि शाळा यांनी असल्या खेळाला दाराबाहेर उभे करू नये. ज्या मुलाला प्रयोगशाळा मिळत नाही, त्याला निदान मोजण्याची, चुकण्याची आणि चूक शोधण्याची सवय येथे लागेल. मात्र संगणकाशेजारी ती तीन रकान्यांची वही असू द्या, आणि जवळ कोणी तरी मोठे माणूस बसू द्या. ज्ञान हे नाणे खरे आहे. पण ते कोणाच्या श्रमातून आले आणि कोणाच्या जिवावर आले, ही नोंद त्याच्याबरोबर राहिली पाहिजे.

परवा त्या मुलाचे यान मूनवर उतरले. त्याने मला फोन करून सांगितले, “काका, तिघं गेले होते, तिघंही परत आले.” गुण किती मिळाले, हे त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही.